आजोबांच्या पेटीतला चाकू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आजोबा तलाठी होते. त्यांच्या लाकडी पेटीत दोन पात्यांचा मिटता चाकू सापडला. मूठ पिवळट, हाडासारखी. मोठं पातं काळपट, दोन-तीन ठिकाणी तांबूस गंज, आणि नखाने उघडत नाही इतकं घट्ट. लहान पातं उघडतं, पण टोकाकडे झिजलेलं. मोठ्या पात्याच्या मुळाशी ‘जी’ आणि ‘आर’ ही इंग्रजी अक्षरं, मध्ये मुकुट, शेजारी चांदणी आणि क्रॉस. हा चाकू घासून लखलखीत करावा का, धार कुठे लावून घ्यावी, रोज खिशात ठेवला तर चालेल का, आणि हा जपून ठेवायचा झाला तर रोजच्यासाठी नवा कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी रोपवाटिकावाला. राजापूरकडे आंबा-काजूची कलमं बांधतो, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलमाचे दिवस असतात तेव्हा दिवसाला तीनशे-चारशे कलमं हातून जातात, आणि त्यातलं प्रत्येक चाकूच्या दोन-तीन कापांवर ठरतं. त्यामुळे हे सगळं मला हातानेच शिकवलं. पुढे जे सांगतोय ते त्या अनुभवावरून.

उत्तरातली सगळ्यात घाईची गोष्ट आधी सांगतो. दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, चाकू लखलखीत करायच्या मागे लागू नका. दोन, तो मोटरच्या चाकावर धार लावणाऱ्याच्या हातात देऊ नका. बाकी चुका निस्तरता येतात, या दोन निस्तरत नाहीत.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची खूण. १८२२ मध्ये त्यांना राजघराण्याचे चाकूकार म्हणून मान मिळाला आणि तेव्हापासून गादीवर जो असेल त्याची अक्षरं पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना येऊ लागली. व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत, म्हणून ‘व्ही आर’ (‘आर’ म्हणजे लॅटिनमधलं रेक्स किंवा रेजिना, राजा किंवा राणी). मग १९१० पर्यंत सातवा एडवर्ड, ‘ई आर’. नंतर पाचवा आणि सहावा जॉर्ज, म्हणजे १९५२ पर्यंत ‘जी आर’. त्याआधी चौथ्या जॉर्जच्या काळातही हीच अक्षरं होती, पण तुमच्या आजोबांचा काळ धरला तर तुमचा चाकू विसाव्या शतकातला असणार. रॉजर्सचं नाव इतकं चालायचं की नकलाही भरपूर निघाल्या. म्हणून भिंग घेऊन नाव पूर्ण वाचा: स्पेलिंग तेच आहे का, शेफिल्ड लिहिलंय का, ‘६ नॉरफोक स्ट्रीट’ हा त्यांचा पत्ता दिसतो का. नक्कल निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका. आजोबांच्या हातातला होता तो हाच.

पातं कसलं आहे तेही यावरून कळतं. न गंजणारं पोलाद शेफिल्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये काढलं, आणि पुढे त्याचे चाकू निघू लागले तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ असं मोठ्या कौतुकाने छापत. तुमच्या पात्यावर तसं काही नाही आणि काळपटपणा आहे, म्हणजे हे साधं कार्बन पोलाद. गंजतं, पण दगडाला पटकन दाद देतं आणि धार अशी चढते की हात सुखावतो. कलमाच्या कामाला मी अजूनही तेच वापरतो.

काळपट झाक आणि गंज यात फरक आहे, तो नीट समजून घ्या. कैरी, सुपारी, आवळा, लिंबू असं आंबट-तुरट कापलं की कार्बन पोलादावर राखाडी-निळसर थर चढतो. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो, बोटाला काही येत नाही. हा थर पात्याचं नुकसान करत नाही, उलट खालच्या पोलादाला थोडा आडोसाच देतो. गंज मात्र तांबूस असतो, बोटाला खरखरीत लागतो, पांढऱ्या कापडावर उतरतो, आणि त्याच्याखाली पोलाद खाल्लं जात असतं. आपल्याला गंज काढायचा आहे, काळपटपणा ठेवायचा आहे. तो काळपटपणा तुमच्या आजोबांनी वीस-तीस वर्षं काय काय कापलं त्याचा आहे. पॉलिशच्या कापडी चाकावर तो पाच मिनिटांत जाईल, वर शिक्क्याची अक्षरंही बोथट होतील. जुन्या चाकूंची पारख असलेला माणूस असा घासलेला चाकू हातात घेतो आणि काही न बोलता परत ठेवतो.

आता प्रत्यक्ष साफसफाई. शिलाई मशीनचं तेल आणा. घट्ट पात्याच्या सांध्यात, म्हणजे जिथे पातं खिळीवर फिरतं तिथे, दोन्ही बाजूंनी एकेक थेंब सोडा. मुठीच्या पाठीमागे पोलादाची लांब पट्टी दिसेल. ती कमान. पातं उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते ती हीच. कमान आणि पात्याच्या मधल्या फटीतही एक थेंब. मग चाकू वर्तमानपत्रावर आडवा ठेवून रात्रभर विसरून जा. सकाळी चहाच्या रंगाचं पाणी सुटल्यासारखं तेल बाहेर आलेलं दिसेल. ते पुसा, परत थेंब सोडा. घाई केली तर नख तुटतं, पक्कड लावली तर नख घालायच्या खाचेचे काठ फाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातं जरा हललं की पात्याच्या पाठीवर जाड चामड्याचा तुकडा धरून हळूहळू ओढा. बोटं धारेच्या वाटेत ठेवू नका. कमान जोरदार असेल तर अर्ध्यावर आलेलं पातं खट्कन परत मिटतं, आणि जुनी धारही बोट कापायला पुरेशी असते.

उघडल्यावर दातकोरणीच्या काडीने मुठीच्या आतली घाण काढा. अशा चाकूंच्या आत कापडाचा भुगा, तंबाखूचे कण, पेन्सिलीचा चुरा असं काय काय सापडतं. काडी लाकडाचीच घ्या. सुई घेतली तर आतल्या पितळी पट्ट्यांवर चरे पडतात. गंजाच्या ठिकाणी तेल लावून तांब्याच्या नाण्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडा. पितळ आणि तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पात्याला ओरखडा येत नाही. त्यानेही राहिला तर अगदी बारीक स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या केसासारख्या तारांचा बोळा, तेलात भिजवून फक्त तेवढ्याच जागी फिरवा. खड्डे राहतील. राहू द्या.

इथे घरातल्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. पितळ दिसलं की आपल्याकडे हात आपोआप चिंचेकडे जातो. चाकूला चिंच, लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. समई वेगळी, तिला सांधा नसतो. इथे ते आंबट पाणी पितळी पट्टीच्या मागे आणि खिळीच्या भोवती जाऊन बसतं, तुम्हाला दिसत नाही, आणि दोन महिन्यांनी मूठ आतून फुगते. पितळेवर हिरवा कळंक असेल तर तेलाचं कापड आणि काडी एवढ्यावरच भागवा.

मुठीबद्दल. हाड असेल तर भिंगाखाली बारीक बारीक काळसर ठिपके, रेषा दिसतील. हाडाच्या त्या नसा. हाड पाण्यात भिजवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. भिजलं की फुगतं, सुकलं की खिळ्याजवळ चीर जाते. ओलसर फडकं फिरवून लगेच कोरडं करा आणि तेलाचं बोट पुसा, बस. मूठ हस्तिदंताची असेल तर टोकाच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वाकड्या रेषांची जाळी दिसते. तशी दिसली तर हे ध्यानात ठेवा की हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा विकायचा विचार करू नका, आणि घरात ठेवण्याबद्दल वनखात्याकडे चौकशी करा. सांबरशिंगाच्या मुठीही शेफिल्डवाले खूप करत आणि ते शिंग इथूनच जाई. सांबरही वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे, म्हणून अशा मुठीचे चाकू घेण्या-विकण्याच्या भानगडीत पडू नये.

तिसरी शक्यता सेल्युलॉइडची. हाडासारखं दिसणारं पिवळट सेल्युलॉइड, म्हणजे एक जुन्या जातीचं प्लास्टिक, त्या काळात खूप वापरलं जाई. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालत. हे जुनं झालं की आपोआप कुजू लागतं, त्यातून निघणारी वाफ पात्याला गंजवते, आणि शेजारी ठेवलेल्या चाकूंनाही. असा चाकू बंद डब्यात कोंडू नका, इतरांपासून वेगळा आणि गारव्याला ठेवा. तापवलेली सुई टोचून बघायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

आता धार. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

चाकावर का नाही, ते एकदा घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. वडिलांनी मला दिलेला पहिला चाकू, सागवानी मुठीचा, लोहाराने घडवलेल्या पात्याचा, मी विशीत असताना बाजाराच्या दिवशी एका धारवाल्याकडे दिला. मोटरवरचं कोरडं चाक. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत चाकू परत. घरी येऊन बघतो तर टोकाकडे अर्धा इंच पातं निळं-जांभळं झालेलं. पोलादाला पाणी देतात, म्हणजे लालबुंद तापवून एकदम थंड करतात, तेव्हा ते कडक होतं, मग बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. त्यावेळी दोनशे अंशांच्या आसपास पिवळट गवताचा रंग येतो, तीनशेच्या सुमाराला निळा. चाकाखाली पातळ धार क्षणात त्या निळ्यापर्यंत जाते. तिथलं पाणी उतरलं. त्यानंतर त्या टोकाला कितीही धार लावली तरी चार काड्या कापल्या की वळायची. शेवटी तेवढा भाग दगडावर झिजवून काढला तेव्हा पातं करंगळीएवढं उरलं होतं. तो चाकू आहे अजून माझ्याकडे, दोऱ्या कापायला.

तुम्हाला लागणारं सामान थोडं आहे. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने जाडं आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. तो चालेल, पण बारीक बाजूही जरा जाडीच असते. परवडलं तर हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. गावाकडे जुन्या घरात निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, असेल तर तोही उत्तम, फक्त मध्ये खळगा पडलेला नसावा. खळगा असेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून, पाणी घालून दगड त्यावर घासा. सपाट होतो.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. पातं दगडावर आडवं टेकवा आणि पाठ थोडी उचला. किती, तर पंधरा मिलिमीटर रुंदीच्या पात्याला चार-पाच मिलिमीटर. एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. सुरुवातीला खरंच नाणी ठेवून बघा, मनगटाला तो कोन कळू द्या, मग नाणी काढा. आता दगडावरून साय काढल्यासारखं पातं मुळापासून टोकापर्यंत पुढे सरकवा. जोर फक्त पात्याच्या वजनाचा आणि वर दोन बोटांचा. टोकाकडे येताना मूठ किंचित वर उचलायची, नाहीतर टोकाचा भाग राहून जातो. बहुतेक लोकांच्या चाकूची पोटाकडची धार छान आणि टोक बोथट असतं, ते यामुळेच.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बर उठेपर्यंत. बर म्हणजे धारेवर वळून आलेला केसासारखा पोलादाचा काठ. डोळ्याला दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवा हळूच ओढला की अडकल्यासारखं लागतं. अंगठा धारेच्या लांबीने कधीच फिरवायचा नाही. मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे बर लागली म्हणजे ती बाजू झाली. मग बाजू बदला, पुन्हा तेच. नंतर एकेक फेरी आलटून पालटून, जोर कमी कमी करत. शेवटी बर तोडायची. जुन्या चामड्याच्या पट्ट्याची खरबरीत बाजू खिडकीच्या गजाला बांधा, ताणून धरा आणि पातं पाठीच्या दिशेने ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसं. दहा-पंधरा वेळा. हे केलं नाही तर चाकू पहिल्या दिवशी लागतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट होतो, आणि माणूस पोलादाला दोष देतो.

कागद कापून बघतात लोक. मी काडी कापून बघतो. आंब्याची ओली काडी तिरकी कापा आणि काप उजेडात धरा. धार असेल तर काप ओला चमकतो, काचेवर पाणी पसरल्यासारखा. पांढुरका, तुसं उठलेला दिसला तर परत पट्ट्यावर जा. कोय कलम करताना हे आम्ही सतत बघतो. कोयीतून उगवलेलं, अजून तांबूस पानांचं कोवळं रोप मध्ये चिरायचं आणि हापूसच्या काडीला पाचर करून त्यात बसवायची. दोन्ही कापांची साल एकमेकांना भिडली तरच जीव धरतं. काप खरबरीत असेल तर मध्ये हवा राहते आणि आठवड्याने काडी काळी पडते. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू दगडावर सपाट टेकवायची, म्हणजे पाचर सरळ निघते. तुमचा चाकू दोन्ही बाजूंनी धारेचा आहे, त्याला सपाट टेकवू नका.

हे सगळं झाल्यावर रोजची काळजी म्हणाल तर ती फारच थोडी आहे, आणि चाकू टिकतो तो तिच्यावरच. कापून झालं की पातं मांडीवर किंवा फडक्यावर दोन्ही बाजूंनी पुसायचं आणि मगच मिटायचं. एवढंच. पण हे चुकलं की काय होतं ते मी बघितलंय. एकदा मे महिन्यात कैरी-मीठ खाऊन चाकू तसाच मिटून खिशात घातला, वर घामाचा सदरा, आणि मग दोन दिवस लग्नाच्या गडबडीत विसरलो. मीठ, आंबट आणि ओल तिन्ही एकत्र. तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा धारेवर मोहरीएवढे दोन खड्डे. दगडावर दीड तास गेला.

फणस कापायचा असेल तर आधी पात्याला खोबरेल लावा, हाताला लावता तसंच. चीक धरत नाही. लागलाच तर पाण्याने धुवू नका, आणखी घट्ट बसतो. परत खोबरेलच चोळा आणि पुसा. पण खोबरेल पात्यापुरतं. सांध्यात घालू नका, थंडीत बाटलीत गोठतं तसंच आतही गोठतं आणि पुढे खवट होऊन मळ धरतं. शेंगदाण्याचं, करडईचं तर मुळीच नको, ते सुकून डिंकासारखं चिकट होतं. सांध्याला शिलाई मशीनचं तेल, महिन्यातून एक थेंब. लाकडी मुठीला मात्र जवसाचं तेल चांगलं, ते सुकतं हाच तिथे त्याचा गुण. हात लावून झालं की उरलेलं पुसून टाका, चिकट थर राहू देऊ नका.

पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत चाकू ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात राहिलेले क्षारही पात्याला लागतात. सुती कापडाला तेलाचं बोट पुसून त्यात गुंडाळा, औषधांच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या डब्यात टाका. तरी महिन्यातून एकदा उघडून बघा. कपाटात जपून ठेवलेले चाकू मी जितके गंजलेले बघितलेत तितके वापरातले बघितले नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, कलमाचे चाकू सगळे धुऊन-पुसून मांडतात. कुंकू पाण्यात कालवून पात्यावर लावलं तर दुसऱ्या दिवशी त्या जागी बरोबर बोटाच्या आकाराचा गंज असतो. आई मुठीला लावायची, पात्याला फक्त फूल वाहायची. आम्ही अजून तसंच करतो.

रोज खिशात ठेवावा का? ठेवा, असंच मी म्हणेन, पण मोठ्या पात्याची कमान नीट आहे याची खात्री करून. पातं उघडल्यावर खट् असा खणखणीत आवाज यावा आणि आडवं हलवलं तर डगमगू नये. अशा चाकूला कुलूप नसतं, फक्त कमानीचा दाब असतो. त्यामुळे टोकाने भोसकायचं, उचकटायचं, डबा उघडायचा असलं काम त्याच्याकडून घ्यायचं नाही, पातं बोटांवर मिटतं. फळं, दोरी, पाकिटं, पेन्सिल, काड्या, इतपत ठीक. पातं अर्धवट उघडं ठेवून देऊ नका, कमानीवर ताण राहतो.

कायद्याचं विचाराल तर शस्त्र नियमांत परवान्याच्या कक्षेत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळली आहेत. तुमचा चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा तणाव असताना हत्यारं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, त्या दिवसांत तो घरी ठेवा. मेट्रो, न्यायालय, विमानतळ इथे तर नेऊच नका. विमानात हातातल्या बॅगेत चाकू सापडला तर आजोबांची आठवण तिथल्या पेटीत टाकून पुढे जावं लागतं. प्रवासात न्यायचाच असेल तर मोठ्या बॅगेत, जी आधी जमा करतो तिच्यात.

नव्याबद्दल. मला दोनच सुचवावेसे वाटतात. पहिला फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल, आठ नंबरचा, कार्बन पोलादाचा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा बनवायला घेतला, आणि पातं जागेवर धरणारं फिरतं कडं १९५५ पासून आलं. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटर पातं, त्यात न कळण्यासारखं काही नाही. आपल्या पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं आणि पातं निघत नाही. तेव्हा कडं उघडं करून मुठीचा मागचा टोकाकडचा भाग टेबलावर किंवा दगडावर टक्कन आपटायचा, पात्याचं टोक बाहेर डोकावतं. साव्हॉयचे शेतकरीही असंच करतात. आणल्याबरोबर पावसाआधी मुठीला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला तर हा त्रास खूप कमी होतो.

दुसरा स्विस, व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्झेनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्यांच्या चाकूंपैकी ॲल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा, थोड्या हत्यारांचा घ्या. पंधरा-वीस हत्यारांचा जाडजूड घेतला की तो खिशात राहत नाही, खणात जातो. पोलाद गंजत नाही, धार मध्यम टिकते, पण दगडावर पाच मिनिटांत परत येते. शहरात राहणाऱ्याला, पुसायची सवय नसणाऱ्याला हाच बरा. मला स्वतःला ओपिनेल आवडतो, कारण त्याच्या पात्यावर माझ्या कामाचा रंग चढतो.

शेवटी तुमच्या आजोबांच्या लहान पात्याबद्दल, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. अशा दोन पात्यांच्या चाकूत लहान पातं लेखणीसाठी असे. तिकडे पिसाची लेखणी तासायला, आपल्याकडे बोरू. आजोबा तलाठी होते म्हणता, तर टाक हातात येण्याआधी त्यांनी बोरूने लिहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. बोरूची जीभ कापताना पात्याचा टोकाकडचा एकच भाग सारखा वापरला जातो, आणि पातं नेमकं तिथेच आत खाल्ल्यासारखं झिजतं. तुम्ही लिहिलेली झीज तशीच वाटते. दगडावर घेतलं तर धार सरळ होईल आणि ती झीज निघून जाईल. तुमच्या जागी मी असतो तर मोठ्या पात्याला धार लावली असती, ते रोज वापरलं असतं, आणि लहान पात्याला फक्त तेल पुसून मिटून ठेवलं असतं.